शिदोरीवर वाढणारे पीक

हस्ताचा पाऊस पडून गेला, की मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात वाफशाची वाट पाहणे सुरू होते. माती पायाला चिकटेनाशी झाली, मुठीत दाबलेले ढेकूळ सहज फुटू लागले, म्हणजे पाभर जुंपायची. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या या महिन्याभरात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, जमिनीत जाते. त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होईपर्यंत बहुतेक वर्षी आकाशातून फारसे काही मिळत नाही. विहीर किंवा कालवा ज्यांच्या वाट्याला आलेला नाही त्यांच्या शेतात हे पीक ज्या ओलीवर उगवते त्याच ओलीवर मोठे होते, निसवते, फुलते आणि दाणे भरते. पेरणीच्या दिवशी जमिनीत असलेले पाणी हीच त्याची चार-साडेचार महिन्यांची शिदोरी.

ही शिदोरी किती? मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या मुळांना ओढून घेता येईल असे पाणी साधारणपणे पंधरा ते वीस सेंटिमीटर पावसाइतके असते. जमीन उथळ असेल, खाली मुरूम लवकर लागत असेल, तर त्याच्या निम्मेही नसते. वाटसरूची शिदोरी संपली तर तो वाटेतल्या गावात थांबतो, गुराखी गुरे घेऊन दुसऱ्या रानात जातो. ज्वारीच्या ताटाला जागचे हलता येत नाही. ऊन, वारा आणि सुकत जाणारी माती यांच्याशी त्याला उभ्या जागी व्यवहार करावा लागतो. हा व्यवहार ते कसे करते, आणि त्यात शेतकऱ्याचा लाभ कोठे व हानी कोठे, हे पाहिले म्हणजे नित्याच्या भाकरीकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते.

प्रत्येक हिरव्या पानापुढे एक जुनी अडचण आहे. अन्न तयार करण्यासाठी हवेतील कार्बन डायऑक्साइड आत यावा लागतो, आणि तो आत घेण्यासाठी पानावरची सूक्ष्म रंध्रे उघडावी लागतात. रंध्र उघडले, की त्याच वाटेने आतली वाफ बाहेर जाते. थोडासा वायू आत घेण्यासाठी शेकडो पटींनी पाणी गमवावे लागते. दार उघडे ठेवले तर तहान, बंद केले तर उपासमार. सगळ्याच वनस्पती या कोंडीत सापडलेल्या आहेत, ज्वारीने मात्र तीतून बरीच चांगली वाट काढलेली आहे.

तिच्या पानात शिरांभोवती पेशींचे एक वेगळे कडे असते. बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून या कड्यात जणू पंपाने भरतात, त्यामुळे आत त्याचा साठा दाट होतो. रंध्रे थोडीशीच किलकिली ठेवली तरी काम भागते. १९६६ मध्ये हॅच आणि स्लॅक या दोन संशोधकांनी ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर काम करून ही यंत्रणा स्पष्ट केली. मका, बाजरी, ऊस आणि ज्वारी ही सगळी याच घराण्यातली. गहू, भात, हरभरा यांच्याकडे ती नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडोच्या कोरड्या पठारावर ब्रिग्ज आणि शांट्झ यांनी निरनिराळी पिके कुंड्यांत वाढवून त्यांचे पाणी मोजले होते. एक किलो सुका भाग तयार करण्यासाठी ज्वारीला तीनशेहून थोडे अधिक किलो पाणी लागले, गव्हाला पाचशेच्या आसपास, तर लसूणघासाला आठशेच्याही पुढे. ऊस याच काटकसरी घराण्यातला असून सोलापूर जिल्ह्यातले पाणी त्याच्याच वाट्याला अधिक का जाते, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर उसाच्या पानात सापडत नाही. बारा ते अठरा महिने शेतात उभे राहून एवढा प्रचंड भार वाढवणाऱ्या पिकाची एकूण गरज मोठीच असणार, मग त्याचे पान कितीही शहाणे असो.

ज्वारीच्या इतर युक्त्या डोळ्यांनी पाहता येतात. ताटाला बोट लावले तर पांढरट भुकटी बोटाला येते. ते मेण आहे. ते उन्हाचा काही भाग परतवते आणि सालीतून झिरपणारी वाफ अडवते. दुपारी पाने कडेने आत वळून सुरळीसारखी होतात आणि संध्याकाळी पुन्हा उलगडतात. पानावरच्या काही फुगीर पेशी पाणी कमी झाले की आकसतात आणि पान मिटते. उन्हाला दिसणारा पृष्ठभाग त्यामुळे कमी होतो. नवख्या माणसाला असे शेत पाहून पीक गेले असे वाटते. जाणता शेतकरी मात्र सकाळी पुन्हा फेरी मारतो, कारण सकाळीही सुरळी उलगडली नसेल तरच काळजीचे कारण असते.

न दिसणारे काम आणखी मोठे आहे. माती सुकू लागली की मुळांत आणि पानांत ॲब्सिसिक आम्ल नावाचे द्रव्य वाढते आणि त्याच्या संकेताने रंध्रे मिटू लागतात. पाणी संपण्यापूर्वीच पाणी संपत आल्याची वार्ता पानापर्यंत पोहोचते. मुळे दीड-दोन मीटरपर्यंत ओलीचा माग काढत उतरतात. पेशी स्वतःमध्ये शर्करा, प्रोलीन अशी विरघळणारी द्रव्ये साठवतात. काकडीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, कारण ते मिठाच्या दिशेने ओढले जाते. पेशी हीच ओढ आपल्या आत निर्माण करते, म्हणून कोरड्या होत चाललेल्या मातीकडूनही तिला थोडे पाणी मिळवता येते आणि मिळालेले धरून ठेवता येते.

येथवर वाचणाऱ्याला वाटेल, की जे पीक अधिक सोसते तेच अधिक पिकते. शेतीशास्त्रातही ही समजूत बराच काळ होती. परंतु वर सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते. रंध्र मिटले की अन्न तयार होणे मंदावते. पान वळले की प्रकाश कमी मिळतो. मुळे खोल नेण्यात जे अन्न खर्च झाले ते कणसात जात नाही. शिवाय वनस्पतीचा हेतू आणि शेतकऱ्याचा हेतू एक नसतो. रानातल्या गवताला वंश पुढे चालण्यासाठी मूठभर बी पुरते, शेतकऱ्याला भरलेले कणीस हवे असते. दुष्काळात जिवंत राहिलेले परंतु दाणा न भरलेले शेत वनस्पतीच्या दृष्टीने यश असेल, घरातल्या कणगीच्या दृष्टीने नाही.

म्हणून रब्बी ज्वारीत खरा प्रश्न पाणी किती वाचवले यापेक्षा ते केव्हासाठी वाचवले हा असतो. फुलोऱ्यानंतरचे, दाणे भरण्याचे साधारण पाच-सहा आठवडे निर्णायक. नेमक्या त्याच वेळी, जानेवारीत, शिदोरी तळाला गेलेली असते. नोव्हेंबरमध्ये ज्या शेताची हिरवाई पाहून वाटसरू थांबतो, तेच शेत कधी कधी जानेवारीत पहिले माना टाकते. भरपूर पानोळ्याने आपला वाटा लवकर पिऊन टाकलेला असतो. कोरडवाहू शेतात सुरुवातीला सढळ हाताने युरिया टाकणारा शेतकरी पिकावर माया करतो आणि नकळत हेच घडवून आणतो.

इथिओपियातील एका देशी ज्वारीपासून तयार झालेल्या, बी-३५ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाणाने या गोष्टीचा उलगडा होण्यास फार साहाय्य केले. फुलोऱ्यानंतर दुष्काळ पडला तरी त्याची पाने इतरांप्रमाणे भराभर वाळत नाहीत, हिरवी राहतात. अमेरिकेतील टेक्सास, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड आणि हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत या गुणाचा अनेक वर्षे अभ्यास झाला. पानांमध्ये काही विशेष हिरवेपणाचे द्रव्य असावे असे प्रथम वाटणे स्वाभाविक होते. पुढे दिसले ते असे, की या गुणाची झाडे फुलोऱ्यापूर्वी आपला विस्तारच आवरता ठेवतात. फुटवे कमी, वरची पाने लहान. त्यामुळे आधी पाणी कमी खर्च होते आणि दाणे भरताना मुळांपाशी थोडी ओल उरलेली असते. त्यांच्या जानेवारीतील हिरवेपणाचे कारण अशा रीतीने नोव्हेंबरमध्ये असते. मात्र सुगीच्या वर्षी, पाणी मुबलक असताना, असा आवरता विस्तार तोट्याचाही ठरू शकतो, हे त्याच अभ्यासांनी सांगितले आहे. सर्व काळी सर्वत्र उत्तम असा गुण पिकात सापडत नाही.

नेमक्या उलट्या संकटात, पुरात, भाताच्या एका वाणाने हाच मार्ग धरला, ही गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. पाण्याखाली बुडालेले बहुतेक भात श्वासासाठी उंच वाढू पाहते, त्या धडपडीत साठवलेले अन्न संपवते आणि पूर ओसरल्यावर कोलमडते. ओडिशातील एका देशी भातात मात्र बुडाल्यावर वाढ थांबवून गप्प राहण्याची क्षमता होती. तिच्यामागचे जनुक २००६ मध्ये जगापुढे आले आणि लोकप्रिय स्वर्णा भातात हा गुण उतरवून तयार केलेला वाण २००९ मध्ये भारतीय शेतकऱ्यांना मिळाला. दोन आठवड्यांपर्यंत बुडून राहिलेले शेत पुन्हा उभे राहू लागले. पाणी आठवडेच्या आठवडे न ओसरणाऱ्या खोल खाचरांत मात्र गप्प राहणे म्हणजे मरण, तेथील देशी भात पाण्याबरोबर उंच वाढत जाते. संकट किती दिवसांचे आहे यावर कोणता स्वभाव उपयोगी हे ठरते.

सोलापूरकडे परतावे. मोहोळ येथील संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण काढला गेला. नवे काही घडवले नव्हते. पिढ्यानुपिढ्या शेतकऱ्यांनी, विशेषतः घरातल्या स्त्रियांनी, मळणीपूर्वी मोठी, टपोऱ्या पांढऱ्या दाण्यांची कणसे बियाण्यासाठी बाजूला काढून जे साधले होते त्यातून एक चांगली ओळ वेगळी केली, इतकेच. ऐंशीहून अधिक वर्षे झाली, तरी हा वाण शेतातून हटलेला नाही. त्याच्या कोवळ्या पानांचा तुकतुकीतपणा आणि त्यांवरची बारीक लव खोडमाशीला अंडी घालण्यास अडचणीची ठरते. डिसेंबरची थंडी तो सोसतो. दाणा मोत्यासारखा, भाकरी मऊ आणि गोडसर. ताट उंच, म्हणून कडबा भरपूर.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा भारतातील ज्वारीचा पहिला संकरित वाण आला आणि खरिपात त्याने व त्याच्या पुढच्या भावंडांनी उत्पन्न पुष्कळ वाढवले. रब्बीत तसे यश संकरित वाणांना मिळाले नाही. या गोष्टीकडे शेतकऱ्याचा जुनाटपणा म्हणून पाहिले गेले, ते अन्यायाचे होते. ज्याच्या दारात बैलजोडी आणि दोन म्हशी उभ्या आहेत त्याला बुटके ताट परवडत नाही, दुष्काळी वर्षात तर कडब्याची किंमत दाण्याहून अधिक वाटते. जो वाण चांगल्या वर्षी चार पोती जास्त देतो आणि वाईट वर्षी काहीच देत नाही, त्याच्यापेक्षा दर वर्षी थोडे देणारा वाण घर चालवणाऱ्याला जवळचा वाटावा, यात हिशेब आहे.

पिकाच्या या काटकसरीला माणसाच्या हाताची जोडही फार जुनी आहे. काळी जमीन सुकताना आक्रसते आणि तिला भेगा पडतात. त्या भेगा म्हणजे खोलवरच्या ओलीला हवेत निसटण्याचे रस्ते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुने शेतकरी म्हणत. वर ढिल्या मातीचा थर झाला की खालची ओल झाकली जाते आणि तणांचे तोंडही बंद होते. १९३० च्या दशकात सोलापूर आणि विजापूर येथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे सुरू झाली, कानिटकरांसारख्या मृदाशास्त्रज्ञांनी तेथे ओल मोजून अशा गोष्टींना शास्त्राचा आधार दिला. आजही शिफारस तीन कोळपण्यांची आहे: पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्याने, भेगा बुजवण्यासाठी. विरळणीचाही हेतू तोच. दोन ओळींत पंचेचाळीस आणि दोन रोपांत पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवले, तर हेक्टरी दीड लाखाच्या आत रोपे राहतात आणि प्रत्येकाला शिदोरीतला पुरेसा घास मिळतो. उगवलेले रोप हाताने उपटून टाकणे शेतकऱ्याला जड जाते, म्हणून हे काम बहुधा अर्धवट राहते.

हिशेब चुकला की काय होते, हे खडखड्या रोगात दिसते. पाने दाणे पोसू शकली नाहीत, तर ताट आपल्याच धाटातली साठवलेली साखर काढून कणसाकडे पाठवते. वनस्पतीचा हा शेवटचा त्याग म्हणावा असा प्रकार. दुबळ्या झालेल्या धाटात जमिनीतली बुरशी शिरते, आतला गर नाहीसा होतो, आणि वरून धड दिसणारी ताटे एखाद्या वाऱ्याने आडवी होतात. त्याच पिकाचा दुसरा उपाय तर गोठ्यापर्यंत पोहोचतो. कोवळ्या ज्वारीत आणि पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत धुरीन नावाचे द्रव्य जास्त असते. पान चावले गेले की त्यातून सायनाइडचे विष सुटते. खाणाऱ्यापासून बचाव करण्याची ही वनस्पतीची रीत. पीक वाया गेलेच आहे, निदान गुरे तरी चरतील, अशा विचाराने खुरटलेल्या शेतात सोडलेली गाय तासाभरात दगावू शकते. चांगल्या वाळलेल्या कडब्यात हा धोका बराच ओसरलेला असतो. ज्या घरात गुरे आहेत तेथे लहान मुलांनाही ही गोष्ट ठाऊक असावी.

आता चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, शहरांतल्या उपाहारगृहांत ज्वारीची भाकरी सन्मानाने वाढली जाऊ लागली. शिवारात मात्र जेथे पाणी पोहोचले तेथून ज्वारी मागे सरली, ऊस, कांदा आणि फळबागा आल्या. जो शेतकरी तसे करतो त्याला दोष देता येणार नाही, उपटून, कापून, पेंढ्या बांधून ज्वारी काढण्याच्या कष्टांना मजूर मिळत नाहीत आणि भावाची शाश्वती नसते. पण जो वाण शेतात पेरला जात नाही, त्याची कणसे निवडणारे हातही उरत नाहीत. बियाणे शीतगृहातल्या पाकिटात सुरक्षित राहते, हे खरे, तेथे त्याची बदलत्या हवेशी गाठ पडत नाही.

आणि हवा बदलते आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट आणि अवकाळी पाऊस झाला, तेव्हा काढणीला आलेली ज्वारी शेतात उभी होती, काही ठिकाणी काढून पडलेली होती. पाण्याची टंचाई सोसण्याची शतकांची तयारी असलेल्या या पिकाजवळ मार्चमधल्या पाण्याला उत्तर नव्हते. मोत्यासारखा दाणा भिजला की काळवंडतो, कडबा कुजतो. शिदोरी जपून वापरत अखेरच्या मुक्कामाला पोहोचलेल्या प्रवाशाला दारातच पुराने गाठावे, तसे हे झाले.

संशोधकांचे प्रयत्न आता जमिनीच्या खोलीनुसार वाण वेगळे करण्याकडे वळलेले आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, भारी जमिनीसाठी फुले वसुधा असे वाण दिले. उथळ जमिनीतला वाण लवकर येतो, ओल संपण्यापूर्वी दाणे भरून मोकळा होतो. खोल जमिनीतल्या वाणाला सावकाश वाढण्याची मुभा असते. एकाच बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे दोन स्वभावांची ज्वारी पेरावी लागावी, इतकी माती बदलते. यंदा पेरणीपूर्वी शेतात एक खड्डा घेऊन मुरूम कितव्या फुटाला लागतो हे ज्याने पाहिले, त्याला कोणती पिशवी विकत घ्यायची हे दुकानदाराला विचारावे लागणार नाही.